कारखाना, गोठा आणि विद्याशाखांच्या सीमा

अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणाऱ्या महामार्गावर, सीना नदीच्या काठी वसलेले नागापूर हे मूळचे शेतीचे गाव आता शहराच्या विस्तारात मिसळून गेले आहे. बाहेरच्यांना ते ठाऊक आहे ते तेथील ‘एमआयडीसी’मुळे, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडून, रस्ते, पाणी आणि वीज पुरवून उभ्या केलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे. हे महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. नागापूरच्या वसाहतीत विद्युत मोटारी आणि स्विचगिअर, म्हणजे वीजप्रवाह जोडणारी, तोडणारी आणि बिघाड होताच तो आपोआप बंद करणारी उपकरणे, घडवणारे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान उद्योजक त्यांच्या आसऱ्याने वाढले. याच रस्त्याने पुढे गेल्यास विळद घाटात अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये लागतात, त्यापुढे राहुरीजवळ १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते, आणि कोल्हारहून आत वळले की लोणी-प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना येतो. यंत्रविद्या, वैद्यक, शेती आणि सहकार ही चार क्षेत्रे एसटीच्या एका फेरीत पाहून होतात. मात्र या पट्ट्यातील मुलीने दहावीनंतर एकदा शाखा निवडली की उरलेल्या तीन क्षेत्रांशी तिचा संबंध बहुधा खिडकीतून दिसणाऱ्या पाट्यांपुरताच राहतो.

एकाहून अधिक शास्त्रांची साधने एकाच प्रश्नावर लावून त्यांतून नवे ज्ञान किंवा नवा व्यवसाय उभा करणे, याला अलीकडे ‘आंतरविद्याशाखीय’ काम म्हटले जाते, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही संज्ञा महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांपर्यंत पोहोचवली आहे. या धोरणानुसार विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील विषय घेता येतो आणि मिळवलेले श्रेयांक, म्हणजे अभ्यासाचे मोजमाप म्हणून दिले जाणारे गुण, एका सामाईक खात्यात साठवता येतात. या व्यवस्थेमागची कल्पना अशी दिसते की विद्यार्थ्याने आधी दोन-तीन शाखांची शिदोरी बांधावी आणि मग ती घेऊन कामाच्या जगात उतरावे. अहिल्यानगर जिल्ह्याशी निगडित असलेल्या स्त्रियांच्या कारकिर्दी पाहिल्या तर क्रम बहुतेक वेळा उलटा आढळतो: आधी जबाबदारी अंगावर पडते, ती निभावताना एका शास्त्राने भागत नाही, आणि मग दुसरे शास्त्र गरजेपोटी शिकले जाते.

उलट्या क्रमाचा हा इतिहास या जिल्ह्यात जुना आहे. विठ्ठलराव विखे पाटील या शेतकऱ्याने आणि धनंजयराव गाडगीळ या अर्थशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास प्रवरानगरचा साखर कारखाना उभा केला, तेव्हा गाडगिळांना उसाच्या भावाचे अर्थशास्त्र ठाऊक होते आणि विख्यांना ऊस पिकवणारी माणसे ठाऊक होती. कारखाना चालवण्याचे शास्त्र दोघांनाही कारखाना चालवतानाच शिकावे लागले. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी अहिल्यानगर शहरात मुलींच्या शाळा चालवल्या, त्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतले. शिक्षिका होणे, शाळा उघडणे, तिच्यासाठी लोकविरोध अंगावर घेऊन संस्था टिकवणे ही तीन वेगळी कौशल्ये सावित्रीबाईंनी ज्या वयात एकत्र आणली, ते वय आजच्या हिशेबाने महाविद्यालयीन विद्यार्थिनीचे आहे. ज्यांच्या नावाने जिल्हा आता ओळखला जातो त्या अहिल्यादेवी होळकर १७२५ साली जामखेड तालुक्यातील चोंडीत जन्मल्या आणि १७६७ नंतर त्यांच्या हाती आलेल्या कारभारात न्यायनिवाडा, बांधकाम आणि महसूल यांच्याबरोबरच महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवलेला वस्त्रोद्योगही होता, याची आठवण उत्सवी भाषणांत फारशी काढली जात नाही. घाट आणि मंदिरे दिसतात. हातमागांचा हिशेब दिसत नाही.

आधुनिक उद्योगाच्या इतिहासात या शहराशी जोडलेले सर्वांत ठळक स्त्री-नाव सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांचे आहे. फिरोदिया घराणे मूळचे नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. कुंदनमल फिरोदिया हे वकील व स्वातंत्र्यसैनिक स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि पुढच्या पिढीतील हस्तीमल फिरोदिया यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी काढली. कंपनीचा कारखाना नागापूरच्या वसाहतीत नसून शहराच्या दुसऱ्या अंगाला, दौंड रस्त्यावर उभा राहिला, आणि १९७२ साली बाजारात आलेल्या ‘लुना’ या मोपेडने तो देशभर पोहोचवला. मोपेड म्हणजे पेडल मारून सुरू करता येणारी, लहान इंजिनाची दुचाकी. लुनाचे इंजिन ५० घनसेंटिमीटरचे होते आणि तिचा आराखडा पियाजिओ या इटालियन कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवर बेतलेला होता. सायकल परवडते पण स्कूटर परवडत नाही, अशा मोठ्या वर्गासाठी ती होती, आणि दूधवाले, शिक्षिका, पोस्टमन, किराणा दुकानदार यांनी तिला जे रूप दिले ते कोणत्याही आराखड्यात नव्हते.

१९७० साली जन्मलेल्या सुलज्जा यांचे शिक्षण मात्र यंत्राचे नव्हते. पुणे विद्यापीठाची वाणिज्य पदवी, त्यानंतर अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी, आणि मग कॅलिफोर्नियातील बारा या कंपनीत नोकरी, असा तो प्रवास होता. बारा ही कंपनी गुंतवणुकीतील जोखीम गणिती पद्धतीने मोजण्याचे काम करत असे, म्हणजे एखाद्या निधीतील शेअर एकाच वेळी किती आणि कोणत्या कारणाने घसरू शकतात याचा अंदाज बांधणारी गणिती प्रतिमाने ती मोठ्या गुंतवणूकदारांना विकत असे. १९९०च्या दशकाच्या मध्यात, वयाच्या पंचविशीत, त्या परत आल्या आणि वडील अरुण फिरोदिया यांच्या कंपनीत रुजू झाल्या. भारतातील वाहनउद्योगात तेव्हा निर्णय घेणाऱ्या पदांवर स्त्रिया जवळपास नव्हत्याच. पुण्याच्या टेल्कोने अभियंत्यांच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापल्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिल्याच्या घटनेला तेव्हा वीस-बावीस वर्षेच झाली होती.

घराण्याची मुलगी असल्यामुळे दार उघडे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ते लपवणेही योग्य नाही. परंतु दाराच्या आत जे वाढून ठेवले होते ते सोपे नव्हते. १९८४ साली होंडा या जपानी कंपनीशी झालेल्या भागीदारीतून आलेली कायनेटिक होंडा ही गिअर न बदलता चालणारी आणि बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर कंपनीची दुसरी मोठी ओळख होती. १९९८ साली होंडा या भागीदारीतून बाहेर पडली, पुढच्याच वर्षी तिने भारतात स्वतःची स्वतंत्र दुचाकी कंपनी स्थापन केली, आणि थोड्याच काळात तिची अॅक्टिव्हा त्याच ग्राहकाच्या दारात उभी राहिली. त्याच सुमारास ग्राहक मोपेड आणि स्कूटर सोडून कमी पेट्रोल पिणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटरसायकलींकडे वळत होता, आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्यामुळे पेट्रोलबरोबर तेलही जाळणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचे दिवस भरत आले होते. सुलज्जा यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने कोरियाच्या ह्योसंगशी करार केला, इटलीच्या इटालजेटकडून स्कूटरचे आराखडे घेतले, एकामागून एक नवी मॉडेले आणली. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमसारख्या व्यासपीठांनी त्यांची उद्याच्या नेत्यांत गणना केली. तरीही २००८ साली दुचाकीचा व्यवसाय महिंद्रा समूहाच्या हाती सोपवावा लागला.

यशोगाथा सांगणारे लेख या वर्षावरून घाईने पुढे सरकतात, पण या कारकिर्दीतले शिकण्यासारखे बरेचसे याच वर्षात आहे. वित्त आणि विपणन, म्हणजे बाजारात वस्तू पोहोचवण्याची विद्या, ही दोन शास्त्रे हाताशी असूनही तिसरे, म्हणजे इंजिनाचे तंत्रज्ञान, स्वतःच्या मालकीचे नसेल तर पहिल्या दोहोंना मर्यादा पडतात. उसने तंत्रज्ञान देणारा उद्या स्पर्धक होऊ शकतो, आणि या कंपनीच्या बाबतीत तो झालाही. जोखीम मोजण्याचे गणित शिकून आलेल्या व्यक्तीला ही जोखीम दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. ती दिसूनही हाती असलेल्या वेळात नवे इंजिन पायापासून घडवणे कंपनीला जमले नाही, असाच निष्कर्ष निघतो.

यानंतर सुलज्जा यांनी कायनेटिक ग्रीन ही विजेवर चालणाऱ्या वाहनांची कंपनी उभी केली, आणि इथे शाखांची सरमिसळ खऱ्या अर्थाने सुरू झाली. ई-रिक्षा हे त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन. भारतात या वाहनाचा प्रश्न आधी कायद्याचा होता, यंत्राचा नंतर: रस्त्यावर हजारोंच्या संख्येने धावणाऱ्या ई-रिक्षा मोटार वाहन कायद्याच्या कोणत्याही व्याख्येत बसत नव्हत्या, २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली, आणि २०१५च्या कायदा दुरुस्तीनंतरच ‘ई-रिक्षा’ आणि ‘ई-कार्ट’ हे वाहनप्रकार म्हणून अस्तित्वात आले. त्याच वर्षी केंद्र सरकारची फेम योजना सुरू झाली, जिच्यात विद्युत वाहनाच्या किमतीत ग्राहकाला अनुदानाची सूट मिळत असे आणि उत्पादकाला ती नंतर सरकारकडून वसूल करावी लागे. म्हणजे अशी कंपनी चालवणाऱ्या व्यक्तीला बॅटरीतील रसायन, वाहनाच्या प्रमाणीकरणाचे नियम, अनुदान हाती येईपर्यंत अडकून पडणारे खेळते भांडवल आणि रिक्षाचालकाला कर्ज देण्यास बँका का कचरतात हे सारे एकाच वेळी समजावे लागते. शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त पण जड आणि अल्पायुषी, लिथियम बॅटरी महाग पण हलकी व टिकाऊ, हा रसायनशास्त्राचा भेद रिक्षाचालकाच्या रोजच्या कमाईत उतरतो. म्हणून कोणती बॅटरी घ्यायची हा निर्णय केवळ प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर घेता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने विजेवर चालणारी ‘ई-लुना’ आणली. तिची सुरुवातीची किंमत सत्तर हजार रुपयांच्या आसपास होती, बॅटरीची क्षमता २ किलोवॅट-तास, एका चार्जिंगमध्ये कंपनीच्या दाव्यानुसार सुमारे ११० किलोमीटर, आणि वजन पेलण्याची क्षमता १५० किलो. यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे, कारण दुचाकीच्या जाहिरातीत वेग सांगण्याची रीत असताना येथे ओझे सांगितले गेले; दूधवाल्याने कॅन अडकवून लुनाला जे काम दिले होते, ते आराखड्यात यायला पन्नास वर्षे लागली. दुसरे असे की विजेच्या वाहनात इंजिनाची जागा मोटार आणि तिच्या नियंत्रक उपकरणांनी घेतली आहे, आणि ही विद्या नागापूर परिसरातील कारागिरांना नवी नाही. ज्या वसाहतीत दशकानुदशके मोटारी आणि स्विचगिअर बनले, तिला वाहनउद्योगाच्या या वळणावर पेट्रोल इंजिनाच्या काळापेक्षा अधिक संधी आहे. ती कोणाच्या पदरात पडते हा वेगळा प्रश्न.

दुसरे उदाहरण कारखान्याच्या नव्हे, गोठ्याच्या बाजूचे आहे. पारनेर तालुक्यातील निघोज हे गाव कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळग्यांसाठी, म्हणजे प्रवाहात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी खडकात कोरलेल्या खोल कुंडांसाठी, प्रसिद्ध आहे. अलीकडच्या वर्षांत त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले ते श्रद्धा ढवण या तरुणीच्या म्हशींच्या गोठ्यामुळे. वयाच्या अकराव्या वर्षी वडिलांनी तिच्यावर दूध काढण्याची आणि ते घरोघर व डेअरीला पोहोचवण्याची जबाबदारी सोपवली, तेव्हा गोठ्यात मोजक्याच म्हशी होत्या. शिक्षण चालू ठेवत, भौतिकशास्त्रात पदवी आणि पुढे पदव्युत्तर अभ्यास करत तिने हा व्यवसाय ८०च्या आसपास म्हशींपर्यंत आणि दुमजली गोठ्यापर्यंत नेला, आणि त्याला गांडूळखत व बायोगॅस यांची जोड दिली.

तिच्याविषयीची बहुतेक वृत्ते मासिक कमाईच्या आकड्याभोवती फिरतात, आणि ते वृत्तांकनाचे दुर्दैव आहे, कारण दुग्धव्यवसायात विक्रीचा आकडा आणि हाती उरणारी रक्कम यांच्यामध्ये पेंड, कडबा, औषधपाणी, मजुरी आणि भाकड काळ, म्हणजे म्हैस दूध देत नाही पण खाणे थांबवत नाही असे महिने, यांचे मोठे अंतर असते. त्यापेक्षा विचार करण्यासारखे हे की भौतिकशास्त्र आणि गोठा यांचे नाते वरवर वाटते तितके दूरचे नाही. डेअरीत दुधाचा भाव ‘फॅट’ आणि ‘एसएनएफ’, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ, यांवर ठरतो. ‘डिग्री’ पाहण्यासाठी दुधात सोडला जाणारा लॅक्टोमीटर हे घनता मोजणारे साधन असून, त्याचे वाचन तापमानानुसार बदलते. ही दुरुस्ती ज्याला ठाऊक आहे त्याला डिग्री लागली नाही म्हणून दूध परत आल्यावर निमूटपणे माघारी फिरावे लागत नाही. शेणाचा बायोगॅस हवाबंद टाकीत जिवाणूंच्या क्रियेतून तयार होतो, उरलेली मळी खतासाठी वापरता येते, आणि ज्या गोठ्यात शेणाचे ढीग ही अडचण होती तिथे शेणच कच्चा माल ठरते. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्याने कोणी म्हशी पाळू लागत नाही. परंतु रोज पहाटे म्हशी पाहणाऱ्या विद्यार्थिनीला घनता, उष्णता आणि ऊर्जेचे धडे वेगळ्या अर्थाने भेटत असणार, एवढे म्हणता येते.

या दोन कारकिर्दींमध्ये संपत्ती, शहर आणि पिढी यांचे अंतर मोठे आहे, पण एक गोष्ट समान आहे: दोन्ही ठिकाणी वडिलांनी चालता व्यवसाय मुलीच्या हाती दिला, आणि तो तिचे सगळे शिकून झाल्यावर दिला नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण याच रांगेत बसते, जरी त्या तरुण वयात प्रसिद्धीस आल्या नाहीत. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी घराच्या परसातील गावरान बियाण्यांपासून सुरुवात करून, पुढे बाएफ या संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभारली, स्त्रियांचे बचतगट त्याभोवती जोडले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वनस्पतींची निवड, साठवण, पोषण आणि संघटन ही चार कामे त्यांच्याकडे एकत्र आली, कारण बियाणे टिकवायचे तर त्यांतले एकही वगळता येत नव्हते.

ज्या मुलीच्या वडिलांकडे ना कारखाना ना गोठा, आणि जी पदविका घेऊन नागापूरच्या वसाहतीत नोकरीला लागते, तिच्यापर्यंत जबाबदारी कशी पोहोचणार, हा मात्र अधिक अवघड प्रश्न आहे. कारखान्यात जबाबदारीची पहिली पायरी ‘शिफ्ट’ सांभाळण्याची असते: तीन पाळ्यांत चालणाऱ्या विभागात यंत्र बंद पडले, माल अडला किंवा कामगार कमी आले तर निर्णय घेणारी व्यक्ती म्हणजे पाळीप्रमुख, आणि उत्पादन, देखभाल, गुणवत्ता व मनुष्यबळ या चारही शाखा शिकण्याची याहून चांगली शाळा नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कामावर ठेवण्यास मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता, परंतु फिरत्या पाळीत जिला रात्री उभेच राहता येत नाही तिला पाळीप्रमुख करण्यात व्यवस्थापनाला अडचण वाटे, आणि हुशार मुली चाचणी, कागदपत्रे किंवा जुळणीच्या टेबलावर वर्षानुवर्षे राहत. २०१५ साली महाराष्ट्राने दुरुस्ती करून सुरक्षेच्या व वाहतुकीच्या अटींवर रात्रपाळीस परवानगी दिली. अटी पाळण्याचा खर्च मोठ्या कारखान्याला झेपतो, दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपला तितकासा झेपत नाही, आणि वसाहतीतील लहान उद्योग बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे आहेत.

नोकरीऐवजी स्वतःचा उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणीसाठी योजना कमी निघाल्या नाहीत. २०१६च्या स्टँड-अप इंडिया योजनेत स्त्रियांना नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद होती. २०१७ साली महाराष्ट्राने महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र धोरण आणले. आणि २०२४ साली राज्याने अहिल्यादेवींच्याच नावाने महिला स्टार्टअप योजना जाहीर केली, जिच्यात ज्या नवउद्योगात स्त्री संस्थापकाचा किमान ५१ टक्के वाटा आहे त्याला १ लाख ते २५ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. मात्र या शेवटच्या योजनेत उद्योग किमान एक वर्ष चाललेला असावा आणि त्याची वार्षिक उलाढाल १० लाख ते १ कोटी रुपयांच्या दरम्यान असावी अशी अट आहे. अट गैर नाही, कारण सरकारी पैसा चालत्या कामाला द्यावा ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण पहिल्या वर्षाचे भांडवल कोठून आणायचे हे ती सांगत नाही, आणि ग्रामीण महाराष्ट्रात त्याचे नेहमीचे उत्तर घरची जमीन हेच असते.

या जमिनीबाबत महाराष्ट्राचा कायदा देशाच्या पुढे होता: केंद्राने २००५ साली केलेली दुरुस्ती येण्याच्या अकरा वर्षे आधी, १९९४ साली, राज्याने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाप्रमाणेच जन्माने सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील समान हक्कदार, केले होते, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काविषयीच्या उरलेल्या शंकाही मिटवल्या. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मात्र बहिणीने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत अजून चालू आहे. लग्नात खर्च झाला, माहेर तुटू नये, भावाशी वाकडे नको, अशी त्यामागची कारणे सर्वांना पाठ असतात. वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क कुटुंबातल्या माणसासाठी सोडण्याच्या दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र लागते. सही झाल्यावर फेरफार होऊन सातबाऱ्यावरचे तिचे नाव निघते, आणि काही वर्षांनी ती नागापूरच्या वसाहतीत गाळा भाड्याने घेण्यासाठी किंवा एखाद्या गावात गोठा बांधण्यासाठी बँकेत गेली की अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या कागदांत तारणाची जागा कोरी राहते.